ट्रेव्हरची बोंब-चाचणी

ट्रेव्हर इलिंगवर्थ थकला होता. आजारी नव्हता, दुःखी म्हणावं तर तसाही नव्हता. नुसता थकला होता. सकाळी उठताना थकलेला, दुपारी डब्यातलं सँडविच उघडताना थकलेला, आणि कोणी "कसा आहेस?" म्हटलं की "वाईट नाही" एवढं उत्तर देतानाही थकलेला. उत्तर इंग्लंडातल्या आमच्या हेदरशॉ गावात या प्रश्नाला याहून लांब उत्तर देणाऱ्याकडे लोक जरा संशयानेच बघतात. त्यामुळे त्याचा थकवा कोणाला कळेल ही शक्यताच नव्हती.

गावाबाहेर फरश्या विकणारी एक कंपनी आहे, तिथे तो कॉम्प्युटर सांभाळायचा. सांभाळायचा हाच शब्द बरोबर. नवं काही बनवायचं काम कधीच लीड्सच्या पोरांकडे गेलं होतं. ती पोरं दर सहा महिन्यांनी जुनं मोडून नवं करायची आणि त्या नव्याला वेगळं नाव द्यायची. ट्रेव्हरकडे उरली होती म्हातारी यंत्रं. कुठलं सोमवारी रुसतं, कुठलं थंडीत उठत नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. बायको जेनिस काही वर्षांपूर्वी स्पेनला गेली आणि तिथेच रमली. भांडण असं झालंच नाही. दोघांनी एकमेकांची माफी मागितली, घर विकलं, आणि नाताळला कार्डं पाठवायला लागले.

राहता राहिला बँड. मंगळवारी संध्याकाळी चॅपेलमागच्या हॉलमध्ये हेदरशॉ ब्रास बँडची तालीम असायची. हा लग्नाच्या वरातीतला बँड नव्हे. इथे पंचवीस-सव्वीस माणसं अर्धवर्तुळात बसून, टाय लावून, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, रडू येईल असं वाजवतात. त्यात ट्रेव्हर दुसरा बॅरिटोन. बॅरिटोन हे मांडीवर लहान मूल घ्यावं तसं घेऊन वाजवायचं पितळी वाद्य. पहिल्या बॅरिटोनला निदान अधूनमधून धून तरी मिळते. दुसऱ्याच्या वाट्याला येतो तो मधला भराव. वरून कॉर्नेटं, म्हणजे छोटे तीव्र सुराचे बिगुल, गातात, खालून भले मोठे बास घुमतात, आणि दोघांच्या मधली पोकळी दुसरा बॅरिटोन लांबलचक सुरांनी बुजवत बसतो. तो वाजवतोय हे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तेच त्याचं काम.

पहिला बॅरिटोन वाजवायची ग्लेनिस टॉर्डॉफ. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, घट्ट अंबाड्याची बाई. ती आणि ट्रेव्हर वीसेक वर्षं शेजारी शेजारी बसत होते. त्याची पाठ धरते म्हणून ट्रेव्हरने खुर्चीवर एक हिरवी उशी ठेवली होती. तालीम संपली की ती उशी बँडच्या कपाटात जायची. संथ तुकडा सुरू व्हायच्या आधी ग्लेनिस न बघता त्याच्या गुडघ्यावर एक पेपरमिंटची गोळी ठेवायची. एवढ्या वर्षांत दोघांचं बोलणं मोजून काढलं तर एका दुपारीत संपेल.

त्या जानेवारीत मार्चच्या स्पर्धेची तयारी चालली होती. संथ भागात एके ठिकाणी ट्रेव्हरचा श्वास पुरेना. बँडमास्तर डंकन होल्रॉइडने छडी खाली केली.

"ट्रेव्हर, जमत नसेल तर तेवढं सोडून दे रे. कोणाला ऐकू जायचं नाही."

डंकन मनाने वाईट नव्हता. त्याला म्हणायचं होतं की श्वास घे, जीव काढू नकोस. सगळे हसले. ट्रेव्हरही हसला. पण ते त्याच्या मनाला लागलं, आणि घरी जाताना बसमध्ये तो पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत तेच वाक्य घोळवत बसला. कोणाला ऐकू जायचं नाही.

त्याच आठवड्यात ऑफिसात क्रेगने तळघरातलं कपाट उघडलं. क्रेग त्याचा साहेब. वयाने मुलासारखा, पायात स्वच्छ पांढरे बूट.

"ट्रेव्हर, हे यंत्र काय करतं?"

कपाटात एक धुळकट यंत्र घरघरत होतं. त्याच्यावर कोणीतरी फार पूर्वी चिठ्ठी चिकटवली होती: 'हात लावू नये'. कोणी, का, काही पत्ता नाही.

"खरं सांगू? माहीत नाही," ट्रेव्हर म्हणाला. "मी आलो तेव्हापासून घरघरतंय."

"मग बोंब-चाचणी करूया?"

कॉम्प्युटरवाल्यांच्या धंद्यात ही रीतच आहे. एखादं यंत्र कशाला आहे हे कोणालाच ठाऊक नसलं की ते गुपचूप बंद करायचं आणि वाट बघायची. कोणी बोंब मारली तर घाईघाईने चालू करायचं आणि 'विजेचा काहीतरी घोळ होता' असं म्हणायचं. बोंब नाही आली तर भंगारात. ट्रेव्हरने यंत्राची कळ दाबली. घरघर थांबली. ती शांतता त्याला कशी कोण जाणे, हेवा वाटावा अशी वाटली.

पुढच्या मंगळवारी तो तालमीला गेला नाही. फोनही केला नाही. कोट चढवला होता, वाद्याची पेटी दाराशी आणून ठेवली होती, आणि तो कोटासकट सोफ्यावर बसून राहिला. बघूया, त्याने मनाशी म्हटलं. कोण बोंब मारतं ते बघूया.

कोणी मारली नाही. त्या मंगळवारी नाही, पुढच्या मंगळवारी नाही. फोन दोनदा वाजला. एकदा खिडक्या बदलणारी कंपनी होती, एकदा जेनिस, वाढदिवसाची तारीख चुकवून. ट्रेव्हर चहा करायचा, थंड करायचा, पुन्हा करायचा. विश्रांती मिळेल असं त्याला वाटलं होतं. मिळाली नाही. तालमीहून येताना जेवढा थकायचा त्याहून जास्त तो आता सोफ्यावर बसून थकायला लागला.

फेब्रुवारीत एका शनिवारी सुपरमार्केटमध्ये दुधाच्या कपाटापाशी डंकन समोर आला. पळायला जागा नव्हती. ट्रेव्हरच्या हातात फ्लॉवर होता, डंकनच्या हातात दुधाचे दोन कॅन.

"थंडी आहे," डंकन म्हणाला.

"आहे बुवा."

"पण कोरडी आहे."

"हो, कोरडी आहे ते एक बरं."

"ओली असती तर वेगळी गोष्ट."

"वेगळीच गोष्ट."

डंकनने तोंड उघडलं. ट्रेव्हरने मनाशी म्हटलं, आता विचारेल. बाबा रे, कुठे आहेस, एवढंच विचार. डंकनने फ्लॉवरकडे पाहिलं.

"चीज घालून करणार का?"

"तसाच विचार आहे."

"छान. बरं मग, येतो." आणि डंकन पावाच्या दिशेने गेला.

ट्रेव्हर घरी आला आणि त्याने तो फ्लॉवर तसाच फ्रिजमध्ये टाकला. निकाल लागला होता. वीस वर्षं आपण जी पोकळी भरत होतो ती मुळात नव्हतीच, असं त्याला वाटलं, आणि त्याला फार वाईट वाटलं. सोमवारी क्रेगने तळघरातलं यंत्रही भंगारात धाडलं.

मग एक दिवस माल रवाना करायच्या खोलीतून निरोप आला की माउस चालत नाही. ट्रेव्हर गेला. तिथे ब्रेंडा हेग फरश्यांच्या खोक्यांमध्ये बसून जाड पेनाने पत्ते लिहीत होती. बोटाला चिकटपट्टी होती. शेजारी कोऱ्या लेबलांचा ढीग, आणि टेबलावरचा प्रिंटर टॉवेलने झाकलेला.

"ब्रेंडा, हाताने का लिहितेस?"

"प्रिंटर बंद आहे ना. पत्ते येतच नाहीत त्याच्याकडे."

"कधीपासून?"

"झाले बरेच आठवडे. जानेवारीत बंद पडला."

जानेवारीत. म्हणजे तळघरातलं ते यंत्रच इथे पत्ते पाठवत होतं. त्याने खुर्ची ओढली आणि तो बसला.

"अगं, मग सांगायचं नाही का? एक फोन करायचा!"

"तुम्ही सगळे कामात असता. म्हटलं, कशाला त्रास द्या." ब्रेंडा जरा लाजली. "आणि मला वाटलं, तुम्ही मुद्दामच बंद केलं असेल. काहीतरी कारण असेल तुमचं. मग उगाच विचारणं बरं दिसत नाही."

"पण तुझा हात बघ!"

"मला रोज वाटायचं, आज चालू होईल." तिने पुढचं लेबल घेतलं. "सॉरी हं, ट्रेव्हर."

ज्याने यंत्र बंद केलं तो समोर बसलेला, आणि माफी ही मागतेय! ट्रेव्हरने संध्याकाळपर्यंत खटपट करून लीड्सच्या पोरांकडून पत्त्यांची दुसरी सोय लावून घेतली. प्रिंटर खडखडला तेव्हा ब्रेंडा टाळी वाजवून हसली. ट्रेव्हर हसला नाही. तो त्या बोटाच्या चिकटपट्टीकडे बघत होता. त्याला कळून चुकलं होतं की ही चाचणी ज्याने शोधली तो माणूस हेदरशॉचा नक्कीच नसणार. जिथे लोक बोंब मारतात अशा गावी ती ठीक आहे. आमच्याकडे पायावर विटांची गाडी गेली तरी माणूस आधी गाडीवाल्याची माफी मागतो.

पण आता फोन तरी कसा करायचा? पहिल्याच आठवड्यात केला असता तर सर्दी सांगता आली असती. इतक्या आठवड्यांनंतर काय सांगणार? स्पर्धेच्या दिवशी त्याने साध्या प्रेक्षकासारखं तिकीट काढलं आणि हडर्सफील्डच्या टाउन हॉलात बाल्कनीखालच्या अगदी मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला जाऊन बसला.

या स्पर्धांची एक जुनी चाल आहे. परीक्षकाला हॉलच्या मधोमध कापडाने बंद केलेल्या खोक्यात बसवतात, म्हणजे कोण वाजवतंय हे त्याला दिसू नये. बँड चिठ्ठ्या काढून नंबर घेतात, आणि आत बसलेल्या माणसाला फक्त नंबर कळतो, सूर कळतात. चहाही त्याला पडद्याखालून सरकवतात.

हेदरशॉचा नंबर सातवा होता. लाल कोटांतली ओळखीची माणसं मंचावर आली. ग्लेनिस बसली. तिच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती, आणि त्या खुर्चीवर हिरवी उशी होती.

ट्रेव्हरने खांबाला हात लावला. तालमीच्या कपाटातली उशी बसमधून इतक्या लांब कोणी आणली? रिकाम्या खुर्चीसाठी?

संथ भाग आला. ग्लेनिसने खिशातून गोळी काढली, सवयीने शेजारच्या उशीवर ठेवली, आणि वाद्य उचललं. कॉर्नेटं गात होती, खालून बास घुमत होते. आणि मध्ये, जिथे त्याचा लांब सूर यायचा, तिथे काहीच नव्हतं. ट्रेव्हरची बोटं गुडघ्यावर आपसूक चालत होती. ते ऐकवेना. त्याला वाटलं, उठून जावं. तो उठला नाही.

सगळे बँड झाले. सगळी माणसं येऊन हॉलात बसली. हेदरशॉवाले त्याच्या पुढे चार-पाच रांगांवर होते. कापडी खोक्यातून परीक्षक बाहेर आला, उजेडाने डोळे चोळत. बुटका, टकला, सुरकुतलेल्या कोटातला म्हातारा. तो मंचावर चढला आणि एकेका नंबराबद्दल दोन शब्द बोलत गेला.

"सातवा," तो म्हणाला. "कोण होतं मला माहीत नाही. चांगलं वाजवलंत. पण मधे एक भोक होतं. दुसरा बॅरिटोन कुठे आहे? संथ भागात मी कान लावून त्याची वाट बघत होतो. आता येईल, आता येईल. आलाच नाही." त्याने चष्मा पुसला. "मला करमलं नाही त्याच्याशिवाय. बरा असेल अशी आशा करतो."

पुढच्या रांगांतले सगळे लाल कोट आपापल्या बुटांकडे बघायला लागले. डंकनची मान लाल झाली. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

ट्रेव्हर उभा राहिला. का उभा राहिला हे त्याला आजही सांगता येत नाही. उभ्या आयुष्यात त्याने चार माणसांत आवाज चढवला नव्हता. त्याने चढवला, आणि भरल्या हॉलात त्याच्या तोंडून जे निघालं ते एवढंच.

"सॉरी!"

शेकडो डोकी वळली. कोणीतरी हसलं, कोणीतरी टाळी वाजवली. परीक्षकाने मान डोलावली आणि तो आठव्या नंबराकडे वळला. ट्रेव्हर रांगांमधून वाट काढत, दर दोन गुडघ्यांमागे माफी मागत पुढे गेला. ग्लेनिसने मांडीवरची उशी उचलून शेजारच्या खुर्चीवर टाकली.

"तुझ्या जागी शेजारच्या गावचा एक पोरगा मिळत होता," डंकन समोर बघत पुटपुटला. "ग्लेनिस म्हणाली, खुर्ची रिकामी नाहीये. मग मी काय करणार? त्या दिवशी दुधापाशी विचारणारच होतो तुला."

"फ्लॉवर सडला तो," ट्रेव्हर म्हणाला.

"अरेरे. मंगळवारी साडेसातला."

ट्रेव्हर बसला. ग्लेनिस त्याच्याकडे वळली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे नीट बघत तिने विचारलं, "कसा आहेस?"

'वाईट नाही' ओठांपर्यंत आलं होतं.

"थकलोय, ग्लेनिस," तो म्हणाला. "फार थकलोय."

"ते माहीत आहे मला," ती म्हणाली. "म्हणून तर उशी आणली."