ॲक्शन म्हटलं की जुनैद

सिरीयलचं एक बरं असतं. एपिसोड आज लागला की उद्या शिळा! किस्से मात्र शिळे होत नाहीत, लोणच्यासारखे मुरत जातात. कॉलेजातल्या पोरापोरींच्या दोस्तीची आणि प्रेमाची आमची सिरीयल इथंच, संभाजीनगरात शूट व्हायची. मी तिच्यात प्रिन्सिपॉल होतो. म्हणजे केस पांढरे, आवाज मोठा आणि काम एकच, प्रेमात पडलेल्यांना केबिनमध्ये बोलावून झापायचं! आता दोस्तांत बसलं की फर्माईश ठरलेली असते, "सर, सेटवरचं काहीतरी होऊन जाऊ द्या." मग मी सुटतो. आवरायला बायको लागते.

०

क्रांती चौकात रस्ता ओलांडत होतो. एका बाईंनी माझ्यासमोर कचकन स्कूटी थांबवली. मागं कॉलेजातली पोरगी.

"सर, हिला जरा रागवा."

"ताई, मी नट आहे हो. ते कॉलेज खोटं आहे, प्रिन्सिपॉलही खोटा आहे."

"ते काय मला कळत नाय व्हय? पण तुम्ही बोलल्यावर पोरं ऐकत्यात. आमच्या घरात हिला रागवणारं कुणी नाय."

मागं रिक्षावाले हॉर्न वाजवतायत, आणि मी भर चौकात आवाज लावला, "उद्यापासून मोबाईल बंद! कळलं?" पोरगी खाली मान घालून म्हणाली, "सॉरी सर." आई खूश! मी मात्र हबकलो. माझ्या सख्ख्या पोरानं मला आजवर सॉरी म्हटलेलं नाही.

०

आता जुनैद. पोरगा खुलताबादचा. बापाचं दर्ग्याजवळ छोटं दुकान. रोज घाट उतरून मोटरसायकलवर यायचा. पहिल्या दिवशी चहावाल्यानं नाव विचारलं.

"जु... जु... जु..."

"जुबेर?"

जुनैदनं मान डोलावली. दुरुस्त करत बसण्यापेक्षा जुबेर होणं सोपं होतं! त्यामुळं पहिला आठवडाभर अख्खं युनिट त्याला जुबेरभाई म्हणत होतं.

बोलताना तो असा अडायचा की ऐकणाऱ्याच्या घशाला कोरड पडावी. मी दिग्दर्शक वैभवला बाजूला घेतलं. "अरे, या पोराला हिरोचा, समीरचा रोल? दोन पानांचं भाषण आहे त्याला!"

वैभव म्हणाला, "सर, फक्त बघा."

लाईट लागले. वैभवनं "ॲक्शन" म्हटलं. आणि मंडळी, काय सांगू! पोरगा धबधब्यासारखा बोलला. एक अक्षर अडलं नाही. मराठी अशी की मी तोंडात बोट घातलं. "कट" झालं, टाळ्या पडल्या, आणि पाणी मागायला त्यानं तोंड उघडलं तर पुन्हा "प... प... प..."

तीस वर्षं नाटकात घासलीत, असलं काही पाहिलं नव्हतं.

०

सिरीयलमधलं प्रेम कसं होतं माहितंय? हिरॉईन तिचे क्लोजअप देऊन दुसऱ्या शूटिंगला निघून जाते. मग हिरो तिच्या जागी उभ्या केलेल्या लाईटच्या स्टँडकडं बघून प्रेम करतो! स्टँडवर चिकटपट्टीचा तुकडा, ते तिचे डोळे. आणि शेजारी एक असिस्टंट हिरॉईनच्या ओळी वाचून दाखवते. त्याला क्यू देणं म्हणतात.

आमच्याकडं क्यू द्यायला सना होती. शहागंजातली पोरगी, कामाला वाघीण. पण वाचायची अशी, की जणू एसटी स्टँडवर पैठण गाडीची घोषणा चाललीय. "मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही समीर. पुढं."

आणि त्या सपाट आवाजावर जुनैद ढसाढसा रडायचा. ग्लिसरीन नाही, काही नाही! आमचा लाईटवाला पूर्वी चितेगावला कंपनीत होता, भला दणकट गडी. तोसुद्धा रुमालानं डोळे पुसत म्हणाला, "आरं, आता या लोखंडाला बी पाझर फुटायचा."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पोरगा रडत होता ते स्टँडकडं बघून नव्हे. पण आम्ही पडलो खोटे प्रिन्सिपॉल!

०

जुनैद अडला की आम्ही सगळे त्याचं वाक्य पूर्ण करायचो. मदत म्हणून हो! "स... स..." "साखर का? दे रे याला साखर." पठ्ठ्या बिनसाखरेचा चहा पिणारा, पण मुकाट गोड चहा प्यायचा.

सना मात्र थांबायची. चहावर साय धरली तरी थांबायची. नजर दुसरीकडं नाही, चुळबुळ नाही. एकदा मला धीर निघेना, मी मध्येच बोललो. ती माझ्यावर अशी वळली!

"सर, तुम्ही एवढे सीनियर. दुसऱ्याची लाईन कशी काय घेता?"

नाटकवाल्याला यापेक्षा मोठी शिवी नाही. सलामच ठोकला पोरीला मनात.

०

सिरीयल चालायला लागली तशी खऱ्या कॉलेजातली पोरं जुनैदकडं प्रेमाचा सल्ला मागायला येऊ लागली. टीव्हीवरचा समीर पोरींशी काय लाजवाब बोलतो! एकजण गेटवर रडकुंडीला आलेला. "भाई, उसको कैसे बोलूँ? जबान ही नहीं खुलती."

जुनैदनं बोलायचा प्रयत्न केला. ओठ थरथरले, डोळे मिटले, घाम फुटला. शेवटी त्यानं त्या पोराला नुसती मिठी मारली.

पोरगा बाहेर जाऊन मित्रांना सांगतोय, "भाई काय बोलला रे! लई भारी!"

०

मग चॅनेलच्या मॅडम मुंबईहून आल्या. आमची सिरीयल संपत आली होती आणि नव्या सिरीयलसाठी त्यांना जुनैद हवा होता. मुख्य हिरो! वैभवला धडकी भरली. पोरगा अडखळतो हे मॅडमना कळलं, तर चान्स गेलाच. त्यानं थाप ठोकली, "मॅडम, जुनैद शूटिंगच्या दिवशी कुणाशी बोलत नाही. रोलमध्ये असतो."

"काय ही निष्ठा!" मॅडम भारावल्या.

जुनैद मान खाली घालून उभा होता. संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन बसला. बोलायला त्याला पुष्कळ वेळ लागला. या वेळी मी त्याची लाईन घेतली नाही.

"सर, स... सनाला व... विचारायचंय. ल... लग्नाचं. युनिट सुटलं की ती द... दुसऱ्या कामाला ज... जाईल."

"अरे, मग विचार की! अवघड वाटत असेल तर मी ॲक्शन म्हणतो."

त्यानं नकारार्थी मान हलवली. "मग स... समीर विचारेल. म... मला विचारायचंय."

एवढ्या वर्षांत मी माझं म्हणून एक वाक्य कधी बोललो होतो, तेच आठवेना.

०

शेवटचा दिवस, शेवटचा शॉट. समीर कॉलेजच्या पायरीवर हिरॉईनला, म्हणजे रेवाला मागणी घालतो. हिरॉईन क्लोजअप देऊन निघून गेलेली. लाईटचा स्टँड, चिकटपट्टी, शेजारी कागद घेऊन सना. मॅडम मॉनिटरसमोर, जुनैदचा करार त्यांच्या पर्समध्ये.

"ॲक्शन!"

जुनैद सुरू झाला. अस्खलित! "रेवा, या पायरीवर आपण पहिल्यांदा भेटलो..." मॅडमनी वैभवकडं बघून अंगठा वर केला.

आणि पोरगा थांबला. चिकटपट्टीवरची नजर सरकली ती थेट सनावर.

"स..."

वैभवच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"स... सना. म... माझ्याशी..."

कॅमेऱ्यासमोर! जो पोरगा कॅमेऱ्यासमोर कधीच अडला नव्हता, तो अडत होता. मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"ल... ल... ल..."

अख्ख्या युनिटला पुढचा शब्द माहीत होता. चहावाला, लाईटवाला, मेकअपवाली, सगळ्यांच्या ओठांवर आलेला. पण एकानंही उच्चारला नाही. मी तर तोंडावर हातच दाबून धरला होता. सना कागद खाली सोडून त्याच्याकडं बघत उभी. थांबलेली.

"ल... लग्न करशील?"

वैभव रडवेल्या आवाजात पुटपुटला, "मॅडम, कट करतो. रीटेक घेऊ."

मॅडम त्याच्या अंगावर ओरडल्या, "खबरदार कट म्हणालास तर! अरे, बघत काय बसलात? तिच्याकडं फिरवा कॅमेरा!"

लाईटवाला धावला, कॅमेरामन धावला, स्टँड धाडकन आडवा झाला. पण कॅमेरा वळेपर्यंत सना "हो" म्हणून मोकळी झाली होती.

मॅडमनी हात जोडले, "बेटा, एकदा परत म्हण ना. फक्त एकदा!"

सना डोळे पुसत म्हणाली, "सॉरी मॅडम. याला रीटेक नाय."