भिंतीखालचं बिऱ्हाड

वडवणीकडच्या आमच्या गावाच्या वर मातीचं धरण आहे. नव्वदच्या दशकात तिथं एक अभियंता होता. बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडून तो भिंतीकडं बघत राहायचा. माझ्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसून एकदा म्हणाला, "परदेशात आता उपग्रहावरचं रडार भिंत बोटभर खचली तरी सांगतं म्हणे."

"आपल्याकडं कवा येणार, साहेब?"

"येईल. तवर डोळे हायेत की."

एका पावसाळ्यात भिंतीच्या पायथ्याशी पाझर वाढला आणि लोक घरं सोडू लागले. धोका नाही, असं तो दारोदार सांगत फिरला, पण कुणी ऐकेना. तेव्हा त्यानं बीडहून बायको आणि लहान लेक आणली आणि भिंतीखालच्याच खोलीत बिऱ्हाड मांडलं. ते बघून लोक परतले, आम्हीही परतलो.

मी किराणा पोचवायला गेलो, तर दाराशी त्यांची पेटी दोरीनं बांधलेली होती.

"वहिनी, सामान सोडलं न्हाई?"

"हे सोडू देत न्हाईत," त्या खाली बघत म्हणाल्या.

तो मागंच उभा होता. "भिंत टिकेल असं वाटतं मला," तो हळू म्हणाला, "पण तिच्या आतलं दिसत न्हाई ना."

मला त्याचा राग आला नाही. भिंत टिकली. मात्र पावसाळा सरेपर्यंत आमच्या घरची पेटीही बांधून दाराशीच होती.