मान नको, हात दाखव

‘मान नको, हात दाखव.’ ताईनं हे कधी तोंडानं म्हटलं नाही. ती जन्माची बहिरी. तुमच्या हनुवटीखाली बोट टेकवून डुलणारी मान थांबवायची आणि तळवा पुढे करायची: आता तू सांग.

पनवेलात आमची समिती शुभवर्तमान खुणांच्या भाषेत आणत होती. ताई कॅमेऱ्यासमोर खुणा करायची. तिच्या हातांचं बोलणं मी ऐकू येणाऱ्यांना सांगायचो, तेही तिच्या सुकापूरच्या बोलीत. पुस्तकी मराठी तिला शोभली नसती. माझ्या पत्रकावर ‘कर्णबधिर बांधव’ छापलेलं दिसलं की विचारायची, “बहिरा म्हनायला लाज वाटते काय रे?”

येशू बहिऱ्याला बरं करतो, तो उतारा आला. समितीचे प्रमुख, आमच्या चर्चचे पाळकसाहेब, त्यांना तो माणूस हात जोडून, वाकलेला हवा होता. ताईनं ताठ उभा केला. तिचं म्हणणं, लोक त्याला घेऊन आले, त्याला कुणी विचारलं? येशूनं मात्र गर्दीतून बाजूला नेलं, कानात बोटं घातली, जिभेला हात लावला.

“येशू आदी हातांनीच बोलला. भिकारी मी करनार नाय.”

मग कॅमेऱ्यासमोर तिच्या जागी पाळकसाहेबांची ऐकू येणारी, खुणांचा कोर्स केलेली भाची उभी राहिली. भाचीचा तो व्हिडिओ तपासणीसाठी बहिऱ्यांच्या सभेत दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाळकसाहेब खूश.

मंडळी, बहिरा माणूस मान का डोलावतो? बँकेत, दवाखान्यात ‘कळलं नाही’ म्हटलं की समोरचा वैतागतो, म्हणून. आणि तुम्ही त्याला होकार समजता.

मागे बसलेली ताई उठली. दिवे दोनदा मालवून लावले. बहिऱ्यांना हाक मारायची ती रीत. न्हावा शेवा बंदरात काम करणाऱ्या एका काकांच्या हनुवटीखाली बोट टेकवलं. तळवा पुढे. काकांचे हात मांडीवरून हलले नाहीत. शेजारच्या बाईचेही नाहीत.

मग ताईनं तोच उतारा स्वतः सांगितला. काका उठले आणि त्यांनी तो सबंध खुणांनी परत सांगितला. ताठ उभं राहून.

“अंतिम निर्णय समितीचा,” पाळकसाहेब म्हणाले.

ताई आता येत नाही. काढलं तिला. कागदावर मात्र ‘स्वेच्छेने’ लिहिलंय.

परवाच्या बैठकीत भाचीचा व्हिडिओ मंजुरीला आला. उतारा सर्वांना नीट पोचतो ना, असं पाळकसाहेबांनी विचारलं. टेबलाभोवतीच्या सगळ्या माना डोलल्या.

मी उठलो, दिवे दोनदा मालवून लावले आणि पाळकसाहेबांपुढे तळवा धरला.