बहिणींनो, सही करू नका!

समतेवर माझा कॉलेजपासून ठाम विश्वास आहे. ती आमच्या सातबाऱ्यापर्यंत येईल अशी मात्र मला कल्पना नव्हती.

माझा धंदा फ्लेक्स छापण्याचा. कडेगावात स्टँडजवळ दुकान आहे. पंधरा वर्षं मी या भागातल्या लहानमोठ्या पुढाऱ्यांचे वाढदिवस छापतोय. एकाच माणसाला वर्षातून तीन-तीनदा ‘भावी आमदार’ केलंय! एकदा अशाच एका नेत्याचा वीस फुटी फ्लेक्स कार्यकर्त्यांनी थेट एसटीच्या वेळापत्रकावर बांधला. शाळेच्या मुलींना गाडी कधी ते कळेना, आणि नेते हात जोडून हसतायत. माझं डोकंच सणकलं. (त्यांचा चेहरा मीच दोन छटा उजळ केला होता, तेही मनाला लागलं.)

त्याच दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत मोबाईल समोर ठेवून मी तोंड सोडलं. या पॉडकास्टला नाव दिलं, ‘गप बसायचं न्हाई!’ आवाज घुमू नये म्हणून भिंतींना घरातल्या चार गोधड्या-वाकळा टांगल्या. त्या पुरेनात तेव्हा पडलेल्या उमेदवारांचे, त्यांनी न नेलेले फ्लेक्स लावले. एवढे पराभूत चेहरे हात जोडून समोर उभे असले की माणसाला बोलायला भलताच जोर येतो. रेकॉर्डिंगचं खातं माझ्या बायकोकडे, मनीषाकडे.

“आवं, टेबलावर हात आपटू नगा,” ती म्हणायची. “क्रांती मागनं करा, आदी आवाज तर नीट येऊ द्या.”

पहिला भाग अकरा जणांनी ऐकला. त्यात नऊ पाहुणे आणि दोन वेगवेगळ्या मोबाईलवरून मी. पण पुढे उसाचा हंगाम लागला. कारखान्याच्या दारात ट्रॅक्टर रांगेत पाच-पाच तास उभे, प्रत्येकावर दोन दोन भोंगे, आणि ड्रायव्हरांना तीच गाणी ऐकून कंटाळा आलेला. कुणीतरी माझा ‘काटा कुणाचा, माप कुणाचं?’ हा भाग लावला. पुढच्याने ऐकला, त्याने लावला. आठ दिवसांत अशी वेळ आली की कारखान्याच्या दारातच कारखान्यावरची टीका मोठ्या आवाजात चालू, आणि वॉचमन म्हणतोय, “जरा थांब रं, हितनं पुढचं ऐकू दे!”

मग त्या वेळापत्रकावरच्या नेत्यांचे दोन कार्यकर्ते दुकानात आले.

“इलासराव, सायबांनी इचारलंय, हे कवा बंद करताय?”

“बंद करत न्हाई!” मी म्हणालो. (आणि काउंटरच्या मागेच राहिलो.)

“मग सायबांचं फ्लेक्स दुसरीकडं जात्यात बघा.”

“जाऊ द्या! शेजारच्या दुकानात लय चांगलं छापत्यात!”

ते गेले. मनीषा म्हणाली, “लय भारी बोललासा.” मग ऑर्डरची वही उघडून म्हणाली, “आता काय छापायचं?” मी छाती फुगवून म्हणालो, “लग्नं हायत, बारशी हायत. लोक जन्माला यायचं थांबल्यात व्हय?” खरं सांगतो, त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी तोंडावर नाही म्हणालो होतो.

असं आमचं नाव होत गेलं. रस्ते झाले, पंचायत झाली, दूध संघ झाला. आटपाडीपासून वाईपर्यंत लोक ऐकू लागले. आणि एक दिवस शिराळ्याच्या एका बाईचा आवाजी निरोप आला: “भाऊ, तुमी कारखान्यावर बोलता, पंचायतीवर बोलता. भाऊ बहिणीकडनं हक्कसोडावर सही घेतो, त्यावर कवा बोलणार?”

“हाणला!” मी म्हणालो. असा विषय हातात आला की माझ्या अंगात येतं. रविवारी मी बसलो आणि असा काही बोललो की मनीषाने टेबलावर हात आपटल्याबद्दलसुद्धा टोकलं नाही. ती फक्त माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, भारावली.

आता आमच्या घरातली परिस्थिती सांगतो. आबा, म्हणजे आमचे वडील, जाऊन वर्ष होत आलं होतं. मागे तीन एकर रान आणि आम्ही तिघं: थोरले दादा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त, मधली आक्का, आटपाडीला दिलेली, आणि शेवटचा मी. आमच्याकडची रीत अशी, की बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची, आणि भावांनी तिला साडी नेसवायची. सही झाली तर भावांना दीड-दीड एकर, नाही झाली तर तिघांना एक-एक. दादांनी सहीसाठी गुरुवार ठरवला होता. साडी मीच निवडली होती, डाळिंबी रंगाची. आणि पॉडकास्टचा नवा भाग दर गुरुवारी सकाळी सातला प्रसिद्ध होतो.

तुम्ही विचाराल, हे दोन गुरुवार एकच आहेत हे तुझ्या लक्षात आलं नाही का? नाही आलं. देवाशपथ नाही आलं! पॉडकास्टवरच्या बहिणी म्हणजे समाजातल्या. आक्का म्हणजे आक्का!

गुरुवारी दादा, मनीषा आणि मी नोंदणी कार्यालयात पोचलो, तर सकाळपासून गर्दी. आमच्यासारखीच आणखी चार-पाच कुटुंबं, सगळ्यांच्या हातात साडीची पिशवी आणि पेढ्यांचा पुडा. आक्का आटपाडीच्या एसटीतून उतरली. कानात इअरफोन. माझ्याकडे बघून गोड हसली. मला वाटलं, माहेरी आल्याचा आनंद.

“टाइमावर आलीस. शाब्बास!” दादा म्हणाले.

आमचा नंबर लागला. नोंदणीच्या साहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, “ताई, हक्क स्वखुशीनं सोडताय ना? कुणाची जबरदस्ती नाही?”

“थांबा सायेब,” आक्का म्हणाली, “आदी ह्ये ऐका.” आणि तिने इअरफोन उपसून मोबाईल टेबलावर ठेवला.

“बहिणींनो!” माझा आवाज अख्ख्या कार्यालयात गरजला. “भाऊ साडी आणील! भाऊ पेढं आणील! गोड गोड बोलून तुमाला टेबलाजवळ नेईल! सही करू नका! ज्या रानात तुमी खुरपं धरलं, त्या रानाची किंमत एक साडी व्हय?”

सगळं कार्यालय आधी मोबाईलकडे बघायला लागलं, मग माझ्या हातातल्या साडीकडे.

“कोन हाय रं ह्यो नालायक?” दादा ओरडले. मग त्यांनी कान टवकारले. मग माझ्याकडे वळले. “इलास, ह्यो तुजा आवाज हाय?”

“आवाज माझा हाय दादा, पण...”

“पण काय?” आक्काने विचारलं.

“आक्का, ते आपलं सर्वसाधारण बायांसाठी हाय गं.”

“म्हंजे मी कोन? असाधारण?” आक्का उभी राहिली. “आबांच्या रानात धा वर्सं भांगलण केली मी. तू तवा बांधावर सायकल शिकत हुतास. लगीन झालं तवा रान सुटलं, ती माजी खुशी नव्हती. आजवर कुनी इचारलंच न्हाई, म्हून मी बी गप ऱ्हायले. काल तुजा ह्यो भाग आला असता तर मी आलेच नसते. आज एसटीत बसल्यावर ऐकला, म्हून आले, सांगायला आले. मी सही करत न्हाई!”

मला खरोखर लाज वाटली. पण ती लाज पुरती बाहेर येईपर्यंत मागच्या बाकावरून एका बाईने “मीबी न्हाई!” म्हणून पेन खाली ठेवलं. मग दुसरीने. तिचा भाऊ माझ्याकडे असा बघत होता, की मी साडीची पिशवी छातीशी धरली.

तेवढ्यात साहेब खुर्चीतून उठले. “म्हणजे ‘गप बसायचं न्हाई’वाले विलासराव तुम्हीच? अहो, मी एक भाग चुकवत नाही! स्वतःच्या घरापासून सुरुवात! काय उदाहरण घालून दिलंत!” आणि त्यांनी माझा हात धरून गदागदा हलवला. लोक टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी व्हिडिओ काढत होतं. आता मी काय करणार? हात जोडले आणि हसलो. पंधरा वर्षं ज्या पोझचे फ्लेक्स छापले, ती पोझ मला आपोआप जमली.

बाहेर चहाच्या गाड्यावर दादांनी तोंड उघडलं. “तीस वर्सं मी बर्फात हुबं ऱ्हाऊन देशाची जमीन राखली. एक इंच जाऊ दिली न्हाई! आन तू खोलीत बसून, माईक लावून, अर्धा एकर घालवलास!” मनीषा मात्र पेढे वाटत होती. “आवं, बिनसहीचं पेढं घ्या,” म्हणून अनोळखी लोकांनासुद्धा देत होती. तेव्हा मला कळलं, की रविवारी ती भारावलेली नव्हती. तिला गुरुवार आठवत होता.

तो व्हिडिओ भलताच फिरला. ऐकणारे दुपटीने वाढले. नेत्यांचे तेच दोन कार्यकर्ते परत आले, हसत हसत. “इलासराव, आता घरातच आग लागली. आता तरी बंद करताय न्हवं?” मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या खोलीतून आक्का बाहेर आली. (तिला त्या आठवड्याची पाहुणी म्हणून बोलावलं होतं. श्रोत्यांचा हट्टच होता.) “बंद न्हाई,” ती म्हणाली. “आता आठवड्यातनं दोन करणार हाय. तुमच्या सायबांना सांगा, त्यांच्या बहिणीला बी मी फोन लावलाय.” ते दोघं जे गेले, ते पुन्हा दुकानाकडे फिरकले नाहीत. त्या दिवशी आक्काचा मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा स्वतःचासुद्धा कधी वाटला नव्हता.

राहता राहिली वाटणी. आमच्याकडे थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने पहिला उचलायचा, अशी रीत. दादांनी फुगलेल्या तोंडाने तीन वाटे पाडले: एक विहिरीकडचा, एक रस्त्याकडचा, एक ओढ्याकडचा, जिथे गवताशिवाय काही येत नाही. मी मनातल्या मनात विहिरीकडचा उचललासुद्धा! तर आक्काने परत मोबाईल काढला. त्याच भागाच्या शेवटी, एकोणचाळिसाव्या मिनिटाला, भान सुटल्यावर, मी म्हणालो होतो, “आन वाटणीत पहिला हक्क तिचा, जिला आजवर कायबी मिळालं न्हाई!” तो भाग शेवटपर्यंत ऐकणारी अख्ख्या महाराष्ट्रात ती एकटीच असावी. आक्काने विहीर घेतली, दादांनी थोरलेपणाच्या मानाने रस्ता घेतला, आणि उरलेला ओढा माझ्याकडे हात जोडून आला.

हल्ली नव्याने पॉडकास्ट सुरू करणारे लोक माझा सल्ला घ्यायला येतात. एक भाग किती मिनिटांचा असावा, असं विचारतात. मी ठामपणे सांगतो, अडतीस. एकोणचाळिसाव्या मिनिटाला विहीर जाते.