पाच तासांची ताई

पाणी आलं आणि मी ओंजळ पुढे केली.

विमानात. बसल्या जागी. दोन्ही हात जुळवले, मान खाली घातली आणि ओंजळ तोंडाशी धरली. शेजारी विमानातली गोरी मुलगी हातात जग घेऊन उभी होती. जग वाकवता वाकवता ती तशीच थांबली. ही बाई काय करतेय ते तिला कळेना. मग तिने आपला ट्रेमधला प्लास्टिकचा ग्लास भरला आणि माझ्या ओंजळीत उभा ठेवून दिला. हसली आणि पुढे गेली.

मागच्या रांगेत एक पोरगा फिसकन हसला. पलीकडच्या खुर्चीवरून आमच्या बाईंनी डोळे वटारले. पण मी बघत होते शेजारच्या काकूंकडे. त्यांच्या मांडीवर लाडवांचा डबा उघडा होता. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग तोंडाकडे. मग पुन्हा हातांकडे. आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

"खरं सांग," त्या म्हणाल्या, "तू नक्की कुठली?"

पाच तास मी त्यांची 'अहो ताई' होते. 'ताई, घ्या ना लाडू.' 'ताई, तुम्हाला गार वाटतंय का?' आणि एका ओंजळीने मी 'तू' झाले. इतकं सोपं असतं ते.

आता मी तिथे कशी पोचले ते सांगते.

मी कातकरीण. पनवेलजवळच्या कोन गावाच्या मागे डोंगराला लागून आमची वाडी. जमीन नाही. कधीच नव्हती. पावसाळ्यात दुसऱ्याच्या खाचरात लावणी करायची आणि बाकीचं वर्ष वीटभट्टीवर काढायचं. नवरा गेला तेव्हा पोरगी सात वर्षांची होती. तिला घेऊन मी पनवेलला आले आणि एका डॉक्टरांच्या घरी कामाला लागले. बाई म्हणजे त्या डॉक्टरांची बायको. नऊ वर्षं त्यांच्याकडे काढली. आधी धुणीभांडी केली, मग स्वयंपाकही करायला लागले. बाई सुधारलेल्या. माझा ग्लास वेगळा नव्हता हो, उगाच खोटं का बोलू? पण नऊ वर्षांत मी माझं पाणी माझ्या हाताने घेतलं, मोरीच्या नळाचं. कुणी उभं राहून मला पाणी दिलं, असं एकदाही झालं नव्हतं. हे मला विमानात कळलं.

पोरगी दहावी झाली. वाडीतली पहिली. तिला नर्स व्हायचं होतं. त्यासाठी जातीचा दाखला पाहिजे. कचेरीत तीन खेपा घातल्या. खिडकीतला माणूस म्हणे, मुलीच्या बापाचा शाळेचा दाखला आणा. मी म्हटलं, बाप शाळेत गेलाच नाही. मग आजोबाचा आणा. अरे बाबा, बाप गेला नाही तिथे आजोबा जाईल का? कातकरी आहे हे कागदावर सिद्ध करायला कातकऱ्याच्या तीन पिढ्या शिकलेल्या पाहिजेत. हसावं का रडावं?

तेव्हा बाई म्हणाल्या, "आमच्या मुलीचं बाळंतपण आहे अमेरिकेत. सहा महिने चल माझ्याबरोबर. आल्यावर दाखल्याचं मी बघते. ह्यांची ओळख आहे कचेरीत."

माझा जीव भांड्यात पडला. पण अट होती. मुलीची सासू तिथेच येऊन राहणार होती. सोवळ्यातली बाई. कातकरणीच्या हातचं तिने खाल्लं नसतं.

"शेतकरी घरातली आहे म्हणायचं," बाई म्हणाल्या. "आडनाव बरं आहे तुझं, त्यावरून काही कळत नाही. आमची जमीन होती, ती सरकारने घेतली, खांदा कॉलनीत गेली, असं सांग. आणि 'हाय' नाही म्हणायचं गं. 'आहे' म्हण. 'नाय' नाही, 'नाही'. विमानापासूनच सवय कर."

म्हणजे बघा. लेकीला जात कागदावर मिळावी म्हणून आईने ती सहा महिने पोटात दाबायची. मी हो म्हटलं. पोरीसाठी माणूस काय करत नाही? महिनाभर बाईंनी माझ्याकडून 'आहे, नाही' घोकून घेतलं.

विमान सकाळी सुटलं. पहिले दोन तास मी नुसती माणसं बघत होते. एवढी शिकलेली, परदेशी निघालेली माणसं आणि बसली होती गुडघ्याला गुडघा लावून, भट्टीच्या ट्रकात आम्ही बसायचो तशीच. पुढच्या टकल्या साहेबाने बूट काढले तर मोज्याला भोक. एक सरदारजी म्हातारा दर थोड्या वेळाने उठून वरच्या सामानाला हात लावून बघायचा. शिकायला निघालेला एक पोरगा चादरीत तोंड घालून रडत होता. सगळ्यांना एकच ताट, एकच चमचा, एकच पाणी. मला वाटलं, बरं झालं, इथे कोण कुणाला ओळखतंय!

कसलं काय. आपली माणसं आभाळात गेली तरी आधी वर कोण आणि खाली कोण ते बघून घेतात. आडनाव काय? म्हणजे कुठले? तुमच्यात लग्न कसं करतात? चारी बाजूंनी तेच चाललं होतं. शेजारी एक मास्तर होते, रिटायर झालेले. मुलाकडे निघाले होते. काकू म्हणजे त्यांची बायको. त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. आडनाव सांगितलं. मग जमीन सांगितली. आणि काय सांगू तुम्हाला, मी इतकं छान सांगितलं! खाचर किती मोठं, बांधावर आंबा कुठे, विहिरीला पाणी किती. सगळं खरं होतं. फक्त ते मालकाचं होतं. मी त्यात लहानपणापासून लावणी केली होती, आयच्या मागून वाकून वाकून. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जमीन गेली म्हणजे आईच गेली हो ताई," त्या म्हणाल्या आणि माझा हात धरला.

मलाही रडू आलं. खोटं बोलताना खरं रडू आलं. ज्या कॉलनीत जमीन गेली म्हणून मी रडत होते, तिथल्या बिल्डिंगांच्या विटा मी डोक्यावरून वाहिल्या होत्या. पण ते 'ताई' मला गोड लागलं, हे कबूल करते. लाडू खाल्ला. दुसराही खाल्ला.

पण खाचराचं नाव काढलं आणि त्यातून आय वर आली. माझी आय जाऊन बारा वर्षं झाली होती. डोळे मिटले की ती दिसे, मालकाच्या ओट्याखाली उकिडवी बसलेली. मालकीण वरून तांब्या ओतायची. आय आधी मला पुढे करायची. "हात घट्ट जुळव गं. सांडलं तर ती परत नाय घालनार." मी डोळे उघडले तर आय दोन खुर्च्यांच्या मधल्या वाटेत बसलेली. पुन्हा मिटले तरी तिथेच. अशी मी अर्धी झोपले. आणि तेवढ्यात कुणीतरी माझ्या डोक्यावर उभं राहून पाणी म्हणालं.

हात आपोआप जुळले. ते माझे नव्हतेच, त्या ओट्याखालच्या पोरीचे होते.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. काकूंनी मास्तरांच्या कानात काहीतरी सांगितलं. मास्तरांनी माझ्याकडे न बघता पेपर उघडला. मग काकू पलीकडे वाकून बाईंना म्हणाल्या, "आमच्या ह्यांचे पाय आखडलेत हो. हिला मागे कुठे जागा आहे का बघता?"

बाईंना सगळं कळलं. तोंड लाल झालं त्यांचं. माझ्यामुळे, काकूंमुळे नाही.

"ऊठ," त्या मला म्हणाल्या. "मागे जाऊन बस. तमाशा नको."

आणि मी उठले. मुकाट्याने. ह्याची मला आजही लाज वाटते. त्या काकूंनी जे केलं त्याच्यापेक्षा मी उठले ह्याची जास्त.

अगदी मागे सिगारेटी ओढणाऱ्यांच्या रांगा होत्या. तिथे एका रिकाम्या खुर्चीत बसले. डोळ्यांत धूर. बाहेर दिवस मावळेचना. विमान सूर्याच्या मागे पळत होतं म्हणे. तासन् तास तेच ऊन, तेच पांढरं आभाळ. पुढे नुसती डोकी दिसत होती आणि आय आता माझ्या शेजारी येऊन बसली होती. मी तिला म्हटलं, बोल ना काहीतरी. ती नाय बोलली. जिवंत होती तेव्हाही कधी बोलली नव्हती. पाणी मिळालं की पदराने तोंड पुसायची आणि 'देव तुमचं भलं करो' म्हणायची. मला तिचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा. मेलेल्या आईचा राग यावा, ह्याच्यासारखं वाईट काही नाही. पण आला. माझी पोरगी उद्या कुठल्या तरी रांगेत बसून माझा असाच राग करेल, हे मला लख्ख दिसलं.

तेवढ्यात ती गोरी मुलगी आली. तिने हात पुढे केला. मला वाटलं, हीसुद्धा उठवणार. मी तिकिटाचा तुकडा दिला. तिने तो बघितला, त्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि पुढे दाखवलं. काहीतरी इंग्रजी बोलली. 'युवर सीट' एवढं मला कळलं. आकडे मला वाचता येतात. तो माझाच आकडा होता. माझी जागा कुठली ते मला लोकांनी आजवर खूपदा दाखवलं होतं. पण असं पुढे बोट करून कुणी दाखवलं नव्हतं.

मी उठले. बारा-पंधरा रांगा असतील. मास्तरांनी माझ्या जागेवर पाय पसरले होते.

"पाय काढा, काका," मी म्हटलं. "ही माझी जागा हाय."

बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "अगं, काय चालवलंयस!"

मी काकूंकडे बघितलं. "आमची जमीन कुठं गेली नाय, काकू. आमची जमीन नव्हतीच. आमी कातकरी."

मोठ्याने म्हटलं. सरदारजी वळून बघायला लागला. रडणाऱ्या पोराने चादरीतून तोंड बाहेर काढलं. काकूंनी पदर सावरला. "असं ओरडून काय सांगायचं ते? आम्ही कुठे काय म्हणालो?"

खरंच. त्या कुठे काय म्हणाल्या होत्या? काही म्हणायला लागतच नाही त्यांना.

मास्तरांनी पाय काढले. मी बसले. बाई पलीकडून माझ्याकडे वाकल्या आणि अगदी हळू, गोड आवाजात म्हणाल्या, "दाखल्याचं विसर आता."

पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. उगाच वाघिणीचा आव आणत नाही. मला तिथल्या तिथे त्यांचे पाय धरावेसे वाटले. तोंड उघडलंही होतं मी. पण बाईंच्या तोंडावर एक बारीक हसू होतं. ही आता पाय धरणार, हे त्यांना ठाऊक होतं. ते हसू बघितलं आणि मी तोंड मिटलं. मधे एकदा विमान तेल भरायला उतरलं, परत उडालं. उरलेले सगळे तास काकूंच्या कोपराला कोपर लावून बसले. मी कोपर आखडलं नाही.

तिथे पोचल्यावर मुलीच्या सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी पहिल्याच दिवशी खरं सांगून टाकलं. स्वयंपाकघर बंद झालं. बाळाची दुपटी मात्र मीच धुवायची, दुपट्यांना विटाळ नसतो. दोन महिन्यांत बाईंनी मला परत पाठवून दिलं. काम गेलं, आम्ही मायलेकी वाडीवर परतलो. दाखला नाही. जून आला आणि गेला. पोरीचं वर्ष फुकट गेलं.

ती भांडली नाही. एकदाच म्हणाली, "आय, सहा महिने गप बसली असतीस तर काय झालं असतं गं?"

मी तांदळाचं सूप पुढे ओढलं. चार दिवस तिचा सवाल डोक्यात फिरत राहिला. तांदूळ निवडताना तेच, झाडताना तेच. आय परत येऊन बसायला लागली, दाराशी, काही न बोलता.

पाचव्या दिवशी मी पोरीला समोर बसवलं आणि सांगितलं. मी गप बसले असते तर तुला दाखला मिळाला असता. बाईंच्या ओळखीने मिळाला असता. आणि मग जन्मभर तू त्यांच्या दारावरून जाताना मान खाली घातली असतीस, तुझी पोरं पण घातली असती. जात गिळून मिळालेला जातीचा दाखला मला नको. तो आपला हक्क हाय. तो कुणाच्या घरून आणायचा नाय, सरकारच्या खिडकीतून घ्यायचा. एक वर्ष गेलं, अजून दोन जाऊ देत. भट्टीवर जाईन, पण तुला भट्टीवर नाय नेनार.

ती म्हणाली, "खिडकीशी कोण बोलणार?"

"तू," मी म्हटलं. "मी मागे उभी राहीन. तो माणूस विचारेल, कुणाच्या ओळखीने आलात? सांगायचं, कुणाच्याच नाय. तो जात विचारेल. मोठ्याने सांगायची. रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेली पाहिजे. तो हाकलेल. आपण परत जायचं."

काल हाकललं त्याने. परवाही हाकललं. वाडीतल्या आणखी दोघी आज विचारून गेल्या, आमी येऊ का म्हणून. या म्हटलं. आज रविवार. उद्या कचेरी दहाला उघडते. आम्ही नऊलाच जाऊन उभ्या राहणार.