लाल पेन्सिलीची रेघ

बाई गेल्याचं मला आमच्या गावी, कुरवंड्याच्या खाचरात कळलं. त्यांचा भाचा श्रीधर बूट घालूनच चिखलाच्या कडेला उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, आत्या गेली. काल सकाळी, पुण्यात." मी हातातलं भाताचं रोप आधी लावलं, मग वर आलो. दीड महिना झाला. रोप आधी का लावलं, ते अजून सांगता येत नाही...

बाई पुण्याच्या कॉलेजात फ्रेंच शिकवायच्या. रिटायर झाल्यावर लोणावळ्याच्या बंगल्यात राहायला आल्या आणि मी तिथं माळीकाम करायचो. त्या मराठीत पुस्तक लिहीत होत्या. फ्रान्समधली शिकलेली माणसं पुस्तकाची पारख कशी करत आली, ती रीत कशी बदलत गेली, याचं पुस्तक. मी चौथी शिकलेला, म्हणूनच त्यांनी मला धरलं. झाडांना पाणी घालून झालं की व्हरांड्यात बसवून पान वाचून दाखवायच्या. मी "न्हाई समजलं" म्हटलं की तिथं लाल पेन्सिलीनं रेघ. "कुठं अडलात, आबा?" असं विचारायच्या आणि दुसऱ्या दिवशी ते पान नवं लिहून आणायच्या.

जुने समीक्षक म्हणे आधी लिहिणाऱ्याचं गाव, आईबाप, दुखणी, पत्रं हुडकायचे आणि मग पुस्तकाला हात घालायचे. मी म्हणालो, "ही तर सोयरीक जमवायची चौकशी झाली." बाईंनी ते तसंच उतरवून घेतलं. मागनं आलेले म्हणाले, माणूस सोडा, पुस्तकाची बांधणी बघा. शब्द शब्दाच्या आधारानं कसा उभा राहतो ते बघा. हे मला लगेच कळलं. आमच्या खाचराचा दगडी बांध तसाच आहे, दगडाला दगड, मधी चुना नाही.

"पण रचणाऱ्याला इसरायचं व्हय?" मी विचारलं.

"ते पुढच्या प्रकरणात."

"लय लांबण लावता तुमी."

"तुम्ही एक कप चहा तासभर पिता, मी काही बोलते का?"

ते प्रकरण व्हायच्या आत माझी बायको गेली. महिन्यानं कामावर गेलो तेव्हा बाईंनी शेवटची पानं वाचली. अर्थ लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही, वाचणाऱ्यापाशी तयार होतो, असं काहीतरी होतं. मी ऐकलंच नाही. मला घरी जायचं होतं, आणि घरी कोणी नव्हतं.

"समजलं, आबा?"

"व्हय."

"सगळं?"

"व्हय म्हणलं ना, बाई."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. तीन वर्षांत पहिल्यांदा पानं रेघेवाचून गेली होती. बाईंनी स्वतः उठून शिरा केला. मी तो खाल्ला. खोटं बोललो त्यापेक्षा ते खाणं आता जास्त लागतं.

गेल्या आठवड्यात श्रीधर कागदांचा गठ्ठा घेऊन आला. शेवटच्या प्रकरणावर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आबांना समजले. आता हात लावायचा नाही.'

"मग छापायला देऊ ना?" त्यानं विचारलं.

मी खरं ते सांगितलं. त्यानं गठ्ठा परत उचलला.

"आठ दिस ठेव हितं," मी म्हणालो.

गठ्ठ्याच्या दोऱ्यात बाईंची पेन्सिल होती, बोटाएवढी उरलेली. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून वाचतोय. दुसऱ्याच पानावर अडलो, रेघ मारली. मग पाचव्यावर. श्रीधर म्हणतो, रेघांसकट छापू. छाप म्हणालो. पण प्रत्येक रेघेपाशी हात आपोआप थांबतो. कुठं अडलो ते सांगायला मी मान वर करतो...