न खाजणारा चट्टा

मित्रहो, डोंबिवलीतल्या आमच्या जिममध्ये घामट टी-शर्ट टांगायला सहा जणांत एकच खिळा आहे, याचा मी जाहीर निषेध करतो. घामाला स्वेद म्हटलं तरी वास तोच.

त्या ओल्या टी-शर्टमुळेच खांद्यावर चट्टा उठला, हे माझं निदान. शेजाऱ्यांनी दिलेली ट्यूब महिनाभर चोळली. चट्टा खाजत नव्हता, म्हणून मी खूश.

आज त्वचेच्या डॉक्टरबाईंनी मला डोळे मिटायला लावून त्यावर कापूस फिरवला.

"कळतंय का, काका?"

"आधी सुरू तर करा!"

"केव्हाच केलंय."

कुष्ठरोगाची तपासणी सांगितलीय. औषधानं पूर्ण बरा होतो, म्हणाल्या. तुमचाही चट्टा खाजत नसेल, तर दाखवून या.

माझी नात रोज दुपारी याच खांद्यावर झोपते. मला भीती वाटतेय ती तिच्यासाठी.